माझ्याकडे चालतं, मित्राकडे नाही: टर्मिनलमधल्या छोट्या कलर पिकरचं एयूआर पॅकेज

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मागून येणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही रस्टमध्ये टर्मिनलसाठी एक छोटा कलर पिकर लिहिला आहे. बाणांच्या कळांनी रंग सरकवायचा, खाली हेक्स कोड दिसतो, एंटर मारला की तो क्लिपबोर्डवर जातो. शिवाय त्या रंगाच्या सगळ्यात जवळचं मराठी नावही दिसतं: अबोली, आमसुली, मोरपंखी, गुलबक्षी. ही नावं एका वेगळ्या फाइलीत आहेत. आर्च लिनक्सच्या एयूआरवर, म्हणजे वापरणाऱ्यांनीच पॅकेजं टाकायच्या जागेवर, टाकायचं म्हणून तुम्ही पीकेजीबिल्ड (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) लिहिलंत, ती वाचून पॅकेज बांधणारं मेकपीकेजी चालवलंत, पॅकेज तयार झालं, तुमच्याकडे व्यवस्थित चाललं. फक्त शेवटी एक पिवळा इशारा आला की पॅकेजमध्ये सोर्स डिरेक्टरीचा उल्लेख आहे. तयार झालेली पॅकेज फाइल मित्राला पाठवलीत. त्याच्याकडे ती इन्स्टॉल झाली आणि टूल सुरू करताच 'रंगांची यादी सापडली नाही' म्हणून बंद पडलं. आता तुम्ही विचारताय की हा इशारा बंद कसा करायचा आणि डिपेंड्समध्ये, म्हणजे टूल चालायला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, काय राहून गेलंय.

डिपेंड्समुळे हे झालेलं नाही. आणि इशारा बंद करू नका, कारण मित्राच्या तक्रारीचं उत्तर त्यातच आहे.

तुम्ही कोड दिलेला नाही, त्यामुळे पुढचं अंदाजाने लिहितोय, पण हा अंदाज बहुतेक चुकणार नाही. यादीची फाइल उघडायला तुम्ही कार्गो-मॅनिफेस्ट-डिर या व्हेरिएबलचा आधार घेतला असणार. रस्टमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरची वाट मिळवायचा हा सोपा मार्ग आहे आणि पुष्कळ ट्यूटोरियलमध्ये सापडतो. अडचण अशी की ही वाट कंपाइल होताना ठरते आणि बायनरीत कोरली जाते. म्हणजे तुमच्या बायनरीत आत्ता तुमच्या होम फोल्डरपासून सुरू होणारी, त्यात पीकेजीबिल्डचं फोल्डर, त्यात एसआरसी, त्यात तुमच्या टूलचं नाव आणि आवृत्ती, अशी अख्खी वाट शब्दशः बसलेली आहे. तुमच्या मशीनवर ती वाट खरोखर आहे, कारण मेकपीकेजी काम संपल्यावर एसआरसी फोल्डर आपणहून पुसत नाही. तुम्ही इन्स्टॉल केलेलं टूल चालवताय असं तुम्हाला वाटतं, पण यादी ते अजूनही बिल्डच्या उष्ट्या पसाऱ्यातूनच उचलतंय.

खात्री करायला दोन मिनिटं पुरेत. एसआरसी फोल्डरचं नाव बदला आणि टूल पुन्हा चालवा. तुमच्याकडेही तोच एरर आला, तर निदान पक्कं. दुसरी तपासणी: मेकपीकेजीने केलेल्या पीकेजी फोल्डरमध्ये तुमच्या होम फोल्डरची वाट ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) शोधा. बायनरी जुळली असं उत्तर आलं की काय ते कळलं. मित्राला दिलेल्या फाइलीतून तुमचं युजरनेमही बाहेर गेलं, हे जाता जाता लक्षात घ्या.

समजा, मित्राला तयार फाइल न देता तुम्ही पीकेजीबिल्ड दिलं असतं. त्याने याय किंवा पारू यासारख्या हेल्परने बिल्ड केलं असतं, तर त्याच्याकडेही टूल चाललं असतं. बिल्डचं फोल्डर त्याच्या होममधल्या कॅशेमध्ये राहिलं असतं आणि बायनरीने तिथून यादी उचलली असती. दोन-तीन महिन्यांनी त्याने जागा मोकळी करायला कॅशे साफ केली असती आणि त्या दिवशी टूल मेलं असतं. त्याने तुम्हाला लिहिलं असतं, 'काहीही अपडेट केलं नाही आणि आपोआप बंद पडलं'. असला बग शोधताना माणूस वेडा होतो. मित्राकडे पहिल्याच दिवशी बंद पडलं हे तुमचं नशीब समजा.

हा इशारा दर वेळी खरा असतोच असं नाही. डीबगच्या माहितीत किंवा पॅनिकच्या संदेशांत सोर्स फाइलींची वाट शिल्लक राहते, आणि प्रोग्राम ती फाइल उघडायला जात नसेल तर काही बिघडत नाही. म्हणून इशारा आला की मी आधी वाट कुठल्या फाइलीत आहे ते बघतो, मग ती तिथे का आहे ते बघतो. निरुपद्रवी असेल तर सोडून देतो. तुमचं प्रकरण त्यातलं नाही.

आता उपाय. इथे मी थोडा ताठर आहे. पीकेजीबिल्डच्या प्रिपेअर फंक्शनमध्ये सेड (मजकूर बदलणारी आज्ञा) चालवून कोडमधली वाट बदलायचा मोह होईल. तसं काम चालतंही, आणि दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचं पॅकेज करताना मी ते नाइलाजाने केलेलं आहे. पण इथे लेखकही तुम्हीच आणि पॅकेज करणारेही तुम्हीच. स्वतःच्या कोडमधली चूक पॅकेजच्या फाइलीत लपवू नका. उद्या कुणी फेडोरासाठी किंवा निक्ससाठी तेच टूल घेईल, तर त्याला हीच ठेच लागणार. मूळ रेपॉझिटरीत दुरुस्त करा आणि नवी आवृत्ती काढा.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. यादी लहान असेल, म्हणजे दोन-तीनशे नावं, काही किलोबाइट, तर इन्क्लूड-एसटीआर मॅक्रो वापरून ती बायनरीतच टाका. मग फाइल शोधण्याचा प्रश्नच उरत नाही आणि पॅकेज म्हणजे एक बायनरी नि एक लायसन्स. मी स्वतः हेच करेन. यादी मोठी असेल, किंवा पुन्हा कंपाइल न करता ती बदलता यावी असं तुम्हाला वाटत असेल, तर पॅकेजने ती /यूएसआर/शेअर खाली तुमच्या टूलच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि टूलने एक्सडीजी-डेटा-डिर्स या व्हेरिएबलमधल्या जागा क्रमाने धुंडाळाव्यात. ते व्हेरिएबल रिकामं असेल तर /यूएसआर/लोकल/शेअर आणि मग /यूएसआर/शेअर, हा ठरलेला क्रम आहे. वापरणाऱ्याला स्वतःची नावं घालायची असतील तर त्याची फाइल कॉन्फिग फोल्डरमधून वाचा आणि मूळ यादीवर चढवा. एखाद्याच्या घरात अबोलीला वेगळंच काही म्हणत असतील.

हे झाल्यावरही तुमच्या मशीनवरचं यश मी पुरावा म्हणून धरणार नाही. तुमच्या मशीनवर गेल्या वर्षभरात तुम्ही काय काय टाकलंय ते तुम्हालाही आठवणार नाही. म्हणून रिकाम्या खोलीत बिल्ड करायचं. डेव्हटूल्स हे पॅकेज टाका आणि पीकेजीबिल्डच्या फोल्डरमध्ये एक्स्ट्रा-एक्स८६-६४-बिल्ड ही आज्ञा चालवा. यातल्या शेवटच्या दोन आकड्यांच्या आधी डॅश नसून अंडरस्कोर आहे. पहिल्या वेळी ती वेगळं, स्वच्छ सीएचरूट, म्हणजे सिस्टिमच्या आत दुसरी छोटी सिस्टिम, उभं करते, त्यात बेस-डेव्हल (बिल्डच्या नेहमीच्या टूलांचा संच) सोडून जवळजवळ काही नसतं. थोडा वेळ आणि डेटा जातो, पुढच्या वेळी पटकन होतं. तुम्ही मेकडिपेंड्समध्ये, म्हणजे फक्त बिल्ड करताना लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत, रस्टचं बिल्ड टूल कार्गो लिहायला विसरला असाल तर ते इथे लगेच उघडं पडतं. मॅन पेज बनवायला एससीडॉक वापरत असाल आणि ते लिहिलं नसेल, तर तेही. उलट मेक, जीसीसी, पीकेजीकॉन्फ या बेस-डेव्हलमधल्या गोष्टी मेकडिपेंड्समध्ये लिहायच्या नसतात, त्या असणारच हे गृहीत आहे.

तुमच्या बगच्या बाबतीत एक बारकावा आहे. सीएचरूटमध्ये बिल्ड /बिल्ड या फोल्डरखाली होतं. म्हणजे कोरलेली वाट तिथे असेल, पण बाहेर तुमच्या खऱ्या सिस्टिमवर तसं फोल्डरच नसेल. त्यामुळे चेक फंक्शनमधल्या चाचण्या आत पास होतील आणि बाहेर टूल पडेल. म्हणून सीएचरूटमधून निघालेलं पॅकेज बाहेर इन्स्टॉल करून, भलत्याच फोल्डरमध्ये उभं राहून, हाताने एकदा चालवून बघायचं. मी तर /टीएमपीमध्ये जाऊन चालवतो. चाचण्या हिरव्या आल्या म्हणून हे वगळू नका.

चाचण्यांचा विषय निघालाच आहे तर कलर पिकरची खास अडचण सांगतो. तुमच्या टर्मिनलमध्ये कलरटर्म हे व्हेरिएबल ट्रूकलर असं सेट असतं, आणि बहुधा तुमचं टूल त्यावरून ठरवतं की २४ बिटांचे रंग, म्हणजे १,६७,७७,२१६ छटा दाखवायच्या, की २५६ वर उतरायचं. सीएचरूटमध्ये ते व्हेरिएबल असण्याची खात्री नाही आणि चाचणीचं आउटपुट टर्मिनलवर जातंय याचीही नाही. घरी पास होणारी 'अबोलीचा एस्केप कोड बरोबर येतो का' ही चाचणी तिथे नापास होते, कारण टूलने सभ्यपणे २५६ रंगांतला जवळचा रंग निवडलेला असतो. त्या २५६ मध्ये पहिले १६ टर्मिनलच्या थीमवर अवलंबून, मग ६ × ६ × ६ चा २१६ रंगांचा ठोकळा आणि २४ राखाडी छटा, अशी रचना असते. तेव्हा अबोली तिथे नेमकी मिळायची नाहीच. पुष्कळ जण इथे चेक फंक्शनच उडवून टाकतात. तसं न करता मूळ चाचणीतच रंगांची पातळी स्पष्ट द्या, भोवतालच्या वातावरणावर ठेवू नका. नो-कलर हे 'रंग नकोत' असं सांगणारं व्हेरिएबल सेट असेल तर टूल काय करतं तेही बघा. कुणाच्या तरी शेलमध्ये ते कायमचं सेट असतं, आणि रंग न दाखवणारा कलर पिकर म्हणजे अळणी आमटी.

आता तुमचा डिपेंड्सचा प्रश्न. रस्टची बायनरी आपल्या बहुतेक लायब्रऱ्या पोटातच घेऊन येते, त्यामुळे यादी आखूडच राहते: ग्लिबसी आणि जीसीसीची रनटाइम लायब्ररी. पॅकेज झालं की त्यावर नेमकॅप चालवा, बायनरी कुठल्या लायब्रऱ्यांशी जोडली आहे ते पाहून तो सांगतो. पण नेमकॅप सांगेल तेवढंच खरं मानू नका. बाहेरची एखादी आज्ञा तुमचं टूल चालवत असेल तर ती त्याला दिसत नाही.

क्लिपबोर्ड नेमका असाच आहे. इथलं उत्तर तुमच्या कोडवर ठरतं. तुम्ही आर्बोर्डसारखा क्रेट (रस्टची लायब्ररी) वापरत असाल तर तो एक्स११ किंवा वेलँड या स्क्रीन सांभाळणाऱ्या यंत्रणांशी स्वतः बोलतो, बाहेरचं काही लागत नाही. तुम्ही मागून डब्ल्यूएल-कॉपी किंवा एक्सक्लिप चालवत असाल, तर डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड आणि एक्सक्लिप ही दोन्ही पॅकेजं ऑप्टडिपेंड्समध्ये, म्हणजे असली तर बरं अशा पॅकेजांच्या यादीत, जातात, प्रत्येकासमोर कारण लिहून: 'वेलँडवर रंग कॉपी करण्यासाठी', 'एक्स११वर रंग कॉपी करण्यासाठी'. ती डिपेंड्समध्ये टाकू नका. वेलँडवाल्याला एक्सक्लिप कशाला? आणि एसएसएचवरून दूरच्या सर्व्हरवर टूल चालवणाऱ्याला तर दोन्ही कुचकामी. त्याच्यासाठी ओएससी ५२ हा टर्मिनलचा एस्केप कोड आहे, तो टर्मिनलकरवीच क्लिपबोर्ड भरतो. जमलं तर टूलमध्ये घाला. मात्र या दोन्ही आज्ञा नसतील तर टूलने पॅनिक होऊन बंद पडू नये, हेक्स कोड छापून मोकळं व्हावं. ऑप्टडिपेंड्स म्हणजे ते नसतानाही प्रोग्राम तगला पाहिजे. तगत नसेल तर ते ऑप्टडिपेंड्स नव्हेच.

पुढेमागे 'स्क्रीनवर कुठेही क्लिक करून रंग उचला' अशी सोय घालायचा विचार असेल तर हाच न्याय लावा. पेस्टल हे रंगांचं कमांडलाइन टूल आहे, तेही रस्टमधलंच. ते स्वतः स्क्रीनवरचा रंग उचलत नाही. जीपिक, एक्सकलर, हायप्रपिकर असं जे मशीनवर सापडेल त्याला हाक मारतं. वेलँडवर कुठल्याही प्रोग्रामला उठून दुसऱ्याच्या खिडकीतला पिक्सेल वाचता येत नाही, डेस्कटॉप पोर्टलची किंवा कंपोझिटरची मदत घ्यावीच लागते. अशा गोष्टी ऑप्टडिपेंड्समध्येच शोभतात.

बिल्डच्या फंक्शनांबद्दल फार लिहीत नाही, आर्चच्या विकीवर रस्टच्या पॅकेजांसाठी नमुना आहे, तोच घ्या. फक्त त्यातला क्रम असा का ते समजून घ्या. प्रिपेअरमध्ये कार्गो फेच लॉक्ड पर्यायासह चालतं, म्हणजे जे डाउनलोड करायचं ते तिथेच होतं. बिल्डमध्ये फ्रोझन पर्याय असतो, म्हणजे नेटही नाही आणि लॉक फाइलीत बदलही नाही. यासाठी कार्गोची लॉक फाइल (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) तुमच्या रेपॉझिटरीत हवी. ती गिटइग्नोरमध्ये असेल तर काढा. लायब्ररीसाठी ती न ठेवण्याची जुनी रीत होती, बायनरीसाठी ती ठेवायचीच असते.

पॅकेज फंक्शनमध्ये कार्गो इन्स्टॉल वापरू नका, साधी इन्स्टॉल आज्ञा वापरा. माझ्या पहिल्या रस्ट पॅकेजमध्ये मी कार्गो इन्स्टॉलला रूट म्हणून पीकेजी-डिरमधलं यूएसआर दिलं होतं. बायनरी जागच्या जागी गेली, मी खूश. चार दिवसांनी एकाचा संदेश आला की आर्चचा पॅकेज मॅनेजर पॅकमॅन म्हणतोय, /यूएसआर मध्ये डॉट-क्रेट्स-टॉमल नावाची फाइल आधीपासून आहे. कार्गोने काय इन्स्टॉल केलं याची वही म्हणून ती फाइल शेजारी ठेवून दिली होती, आणि माझ्यासारखाच दुसरा एक शहाणा त्याच्या पॅकेजमधून तीच फाइल वाटत होता. एका जागी दोन पॅकेजं एकच फाइल ठेवू शकत नाहीत, पॅकमॅन तिथेच थांबतो. कार्गोला नो-ट्रॅक पर्याय दिला तर ती वही तयार होत नाही, पण एका बायनरीसाठी एवढा द्राविडी प्राणायाम नको.

तेव्हापासून पॅकेज झालं की त्यातल्या फाइलींची यादी मी पॅकमॅनला विचारून डोळ्यांखालून घालतो. तुमच्या यादीत बायनरी, लायसन्स, मॅन पेज आणि शेलच्या कम्प्लीशन फाइली, एवढंच दिसायला हवं. बॅशची कम्प्लीशन /यूएसआर/शेअर/बॅश-कम्प्लीशन/कम्प्लीशन्स मध्ये, झेडशेलची साइट-फंक्शन्समध्ये नावाआधी अंडरस्कोर लावून, फिशची व्हेंडर-कम्प्लीशन्समध्ये. कम्प्लीशन तयार करायला टूलमध्येच एक उपआज्ञा ठेवा, ती फाइल छापून देईल. बिल्ड स्क्रिप्टमधून काढल्या तर त्या टार्गेटच्या पोटात हॅश लावलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि पॅकेज करणारा त्यांना शोधत फिरतो. मॅन पेज गझिप करायची गरज नाही, ते मेकपीकेजी करतो.

लायसन्सबद्दल नवे लोक हमखास चुकतात. जीपीएलचा मजकूर सगळ्यांचा एकच असतो, तो सिस्टिमवर आधीच असतो. एमआयटीच्या मजकुरात मात्र कॉपीराइटच्या ओळीत तुमचं नाव आणि वर्ष असतं, म्हणून ती फाइल पॅकेजसोबत /यूएसआर/शेअर/लायसन्सेस खाली पॅकेजच्या नावाच्या फोल्डरमध्ये जायलाच हवी. पीकेजीबिल्डमध्ये नाव एसपीडीएक्सच्या, म्हणजे लायसन्सच्या ठरलेल्या छोट्या नावांच्या, पद्धतीने लिहा.

आवृत्तीच्या नावात डॅश चालत नाही, कारण पॅकमॅन डॅशनेच आवृत्ती आणि पीकेजीरेल (त्याच आवृत्तीचं पॅकेज कितव्यांदा काढलं तो आकडा) वेगळे करतो. तुमची सध्याची आवृत्ती बीटा आहे. ०.३.० ला जोडून, मध्ये काही न घालता बीटा लिहा. तशी ती ०.३.० पेक्षा जुनी धरली जाते. डॅशच्या जागी डॉट टाकलात तर ती ०.३.० पेक्षा नवी ठरते, आणि खरी ०.३.० आली की कुणालाच अपडेट मिळत नाही. मग इपॉक, म्हणजे आवृत्तीच्याही वरचढ ठरणारा आकडा, लावण्याशिवाय इलाज नसतो, आणि इपॉक एकदा लावला की जन्मभर काढता येत नाही. शंका आली की व्हरसीएमपी आज्ञेला दोन्ही आवृत्त्या देऊन विचारा. मी तर म्हणेन, बीटा एयूआरवर टाकूच नका, दुरुस्तीसह ०.३.० काढा आणि मग या.

सोर्स म्हणून गिटहबच्या टॅगची टारबॉल द्या, फाइलीला नाव-आवृत्ती असं नाव देऊन. नाहीतर डाउनलोड झालेल्या फाइलीचं नाव नुसतं आवृत्तीचं असतं आणि सगळ्या पॅकेजांच्या सोर्स फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवणाऱ्यांच्या मशीनवर दोन प्रोजेक्टच्या फाइली एकमेकींवर चढतात. शा-२५६ची बेरीज (फाइल बदललेली नाही हे ताडून बघायचा चेकसम) अपडीपीकेजीसम्स भरून देतो. या आपोआप तयार होणाऱ्या टारबॉल बाइट-न्-बाइट त्याच राहतील याची ग्वाही नसते. ३० जानेवारी २०२३ ला गिटहबने गिटची नवी आवृत्ती लावली, कॉम्प्रेशनची पद्धत बदलली आणि जगभरच्या बेरजा जुळेनाशा झाल्या. काही तासांत बदल मागे घेतला गेला. स्वतः रिलीजला जोडलेली टारबॉल द्यायची हा एक मार्ग आहे, पण एक्सझी या कॉम्प्रेशनच्या टूलमध्ये छुपं दार घातल्याच्या २०२४ च्या प्रकरणानंतर लोक त्याकडे संशयाने बघतात, कारण तिथला घातक भाग गिटमध्ये पूर्ण नव्हताच, रिलीजच्या टारबॉलमध्ये होता. तुमच्यासारख्या छोट्या टूलसाठी टॅगची टारबॉल ठीक आहे.

फक्त एकदा ढकललेला टॅग हलवू नका. मी सांभाळत असलेल्या एका टूलच्या लेखकाने रिलीजनंतर तासाभरात स्पेलिंगची चूक सुधारून तोच टॅग नव्या कमिटवर सरकवला. बेरीज जुळेना, आणि एका सावध वापरकर्त्याने माझ्या पॅकेजखाली लिहिलं की सोर्समध्ये कुणीतरी काहीतरी घुसवलंय. त्याचं काही चुकलं नव्हतं. मला दोन्ही टारबॉल उलगडून डिफ काढून दाखवावा लागला. तुमची चूक राहिली तर ०.३.१ काढा, आकडे फुकट असतात.

हा सावधपणा का, ते नव्या माणसाला सांगायला हवं. एयूआरवर खातं उघडून कुणीही पॅकेज टाकू शकतो, आधी कुणी तपासत नाही. जुलै २०१८ मध्ये अनाथ झालेलं अ‍ॅक्रोरीडचं पॅकेज एकाने दत्तक घेऊन त्यात बाहेरून स्क्रिप्ट खेचणारा कोड घातला होता. जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ आणि झेन ब्राउझरच्या नावांशी मिळतीजुळती तीन पॅकेजं आली, त्यांत मशीनचा दुरून ताबा घेणारा प्रोग्राम होता. दोन दिवसांत ती काढली गेली. म्हणून समजूतदार वापरकर्ता तुमचं पीकेजीबिल्ड उघडून वाचतो. ते एका स्क्रीनभर असावं, त्यात कर्लने बाहेरून काही ओढणं नसावं, हुशारीचं बॅश नसावं. तयार बायनरी वाटणारं बिन पॅकेज काढायचा विचार असेल तर सोडा, इतकं छोटं टूल कुणाच्याही मशीनवर चटकन कंपाइल होतं. दर वेळी ताजा कोड घेऊन बिल्ड होणारं गिट पॅकेजही आत्ता नको. दोन पॅकेजं म्हणजे दोन ठिकाणच्या कॉमेंट्स.

नाव आधी अधिकृत रेपॉझिटरीत आणि एयूआरवर शोधा. बायनरीचंही नाव शोधा, पॅकमॅनच्या फाइल-शोधाने. पिक किंवा कलर अशी नावं कुणी ना कुणी घेतलेलीच असतात.

टाकायची कृती सोपी आहे. खात्यात एसएसएच की भरा, पॅकेजच्या नावाची रेपॉझिटरी क्लोन करा (नसलेली रेपॉझिटरी क्लोन केली की रिकामी मिळते), त्यात पीकेजीबिल्ड आणि डॉट-एसआरसीइन्फो टाका आणि मास्टर शाखेवर ढकला. तुमच्या गिटची मूळ शाखा मेन असेल तर पुश नाकारला जाईल. एसआरसीइन्फो हाताने लिहू नका, मेकपीकेजीला प्रिंट-एसआरसीइन्फो पर्याय देऊन तयार करा आणि पीकेजीबिल्डच्या प्रत्येक बदलासोबत पुन्हा करा. एयूआरचं पान आणि हेल्पर आवृत्ती त्यातूनच वाचतात. मी एकदा पीकेजीबिल्ड नवं आणि एसआरसीइन्फो जुनं असं ढकललं होतं. आठवडाभर कुणालाच अपडेट दिसलं नाही आणि मला वाटत राहिलं की कुणाची तक्रार नाही म्हणजे सगळं आलबेल आहे. गिटइग्नोरमध्ये सगळं वगळून या फाइली तेवढ्या मोकळ्या ठेवा, म्हणजे टारबॉल आणि टार्गेट चुकून कमिट होणार नाहीत.

मराठी नावांबद्दल, पॅकेजिंगच्या बाहेरचं. अनेक टर्मिनलांमध्ये देवनागरीच्या मात्रा आणि जोडाक्षरं रुंदीला वेगवेगळी मोजली जातात, त्यामुळे 'गुलबक्षी' शेजारची चौकट एखाद्या रकान्याने सरकलेली दिसेल. ग्राफिकल डेस्कटॉप नसलेल्या साध्या लिनक्स कन्सोलवर तर नावं दिसणारच नाहीत, त्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय नाही. तिथे रंगही १६च असतात. रोमन नावांचा एक पर्याय ठेवा आणि चौकट नावाच्या डावीकडे घ्या, म्हणजे नाव कितीही रुंद झालं तरी ती हलणार नाही.

तेव्हा आधी एसआरसी फोल्डरचं नाव बदलून टूल चालवा आणि काय होतं ते इथेच लिहा. माझा अंदाज चुकला असेल तर यादी उघडण्याच्या त्या चार ओळी टाका, आपण पुन्हा बघू. आणि आमसुलीचा हेक्स तुम्ही नेमका कशावरून घेतलात, ओल्या आमसुलावरून की सुकलेल्या, तेही सांगा.